व्होल्याची पंगत

तीन आठवडे पाऊस पडला नाही, नुसता गळत राहिला. धो धो कोसळून मोकळा झाला असता तर परवडलं असतं. हा मेला सकाळी भुरभुर, दुपारी भुरभुर, संध्याकाळी जरा उघडल्यासारखं करायचा आणि माणूस बूट घालून बाहेर पडला की पुन्हा भुरभुर.

ओडार्का मेल्निचुकचा तीनशेवीस एकर गहू कापून ओळीनं पाडलेला होता. त्या ओळी ओल्या गोणपाटासारख्या जमिनीला चिकटून बसल्या होत्या. रोज सकाळी ती शेतात जायची, ओळीखाली हात घालायची, चार दाणे चावून बघायची. दाणा कटकन फुटायला हवा. तो दाताखाली चामट लागायचा. कुठं कुठं पांढरा कोंबही डोकवायला लागला होता. ती थुंकायची आणि घरी परत यायची.

घरात नेस्तोर खिडकीपाशी बसलेला. सप्टेंबरच्या पहिल्याच आठवड्यात धान्याच्या पत्र्याच्या कोठीवर चढताना शिडीवरून घसरला आणि मांडीचं हाड मोडून घेतलं. पाय कमरेपर्यंत प्लास्टरात, तो स्टुलावर ठेवलेला, हातात दुर्बीण. चाळीस वर्षं ज्या माणसानं कुणाकडून साधा पाना उसना घेतला नाही, त्याला आता पायमोजा घालायला बायको लागायची. त्याचा राग तो बटाट्यांवर काढायचा. सोलायला दिलेला बटाटा त्याच्या हातून निम्मा होऊन बाहेर पडायचा.

"साल काढतोयस की बटाटा?" ओडार्का म्हणायची.

"तू मळणीचं मशीन चालवतेस तसा मी बटाटा सोलतो. दोघंही जमेल तसं करतोय."

पण ते खोटं होतं. ओडार्का मशीन चांगलं चालवायची. पाऊस लागायच्या आधी चारशे एकर तिनं एकटीनं काढला होता. भरलेला ट्रक स्वतःच न्यायचा, कोठीत रिकामा करायचा, परत येऊन मशीनवर चढायचं. छप्पन्नाव्या वर्षी खांदे भरून यायचे, मानेत कुसळं रुतायची, खोकला आला की काळा कफ पडायचा. गावातल्या प्रत्येकाला हे दिसत होतं. आणि दिसतंय हे कुणी दाखवत नव्हतं, कारण ओडार्का मेल्निचुकला मदत हवी का विचारणं म्हणजे गांधीलमाशीच्या पोळ्यात हात घालणं.

शुक्रवारी पोस्टात ओलेक्सानं तो हात घातला. ओलेक्सा ह्रिनचेंको म्हणजे तिच्या शेताला लागून ज्याचं शेत तो. त्याची बायको लेसिया पोस्ट सांभाळायची. ओलेक्सा टोपी हातात फिरवत, भिंतीवरच्या हरवलेल्या कुत्र्याच्या जाहिरातीकडं बघत म्हणाला, "माझं मशीन बुधवारपासून मोकळंच आहे."

"मोकळं आहे तर ग्रीस लाव त्याला," ओडार्का म्हणाली.

"तसं नाही. म्हणजे, हवा उघडली तर…"

"हवा उघडली तर आमचं आम्ही काढू. नेस्तोरचा पाय मोडलाय, माझे हात नाही मोडले."

लेसियानं काउंटरमागून नवऱ्याकडं असं बघितलं की तो पत्रं न घेताच बाहेर गेला.

शनिवारी पहाटे वारा फिरला. पश्चिमेचा, कोरडा, कान कापणारा. दुपारपर्यंत ओळींचा वरचा थर खडखडायला लागला. ओडार्कानं संध्याकाळी दाणे चावले. अजून जरा दबत होते, पण उद्या दुपारी एकपर्यंत मशीन घालता येणार होतं. आणि रेडिओनं सांगितलं की सोमवारी सकाळपासून बर्फ.

म्हणजे हातात एकच दिवस, रविवार. आणि त्याच रविवारी व्होल्याची पंगत.

व्होल्या गावात आता काय उरलं होतं? शाळा बंद पडून नऊ वर्षं झाली. रेल्वेनं रूळ उखडून नेले. रुळाकाठचा धान्याचा लाकडी मनोरा, जो बारा मैलांवरून दिसायचा, तोही दोन वर्षांमागं पाडला. उरलं होतं चर्च, पोस्ट, बर्फावर हॉकी खेळायची शेड आणि सभागृह. माणसं एकशे चाळीस. पण ऑक्टोबरातल्या त्या एका रविवारी चारशे पाहुणे यायचे, साठ-साठ मैलांवरून. टर्की, होलुप्ची म्हणून कोबीच्या पानात गुंडाळलेला भात आणि मांस, बटाट्याचं सारण भरलेल्या पिरोही, बोरं घालून भाजलेले गोड पाई. चार पंगती उठायच्या. साठ वर्षांत ही पंगत एकदाही चुकली नव्हती. पिरोहीचं पीठ एकतीस वर्षं ओडार्काच मळत होती. चार हजार पिरोही. पीठ सैल झालं तर उकळत्या पाण्यात सारण बाहेर, घट्ट झालं तर पाहुणा चघळतच घरी जाणार.

"पीठ लेसिया मळेल," नेस्तोर शनिवारी म्हणाला. "तू शेतात जा. एका दिवसात ऐंशी एकर तरी निघेल. उरलेलं बर्फाखाली गेलं तर गेलं."

"लेसिया मळेल! तिच्या पिरोहीनं खिडकीची काच फुटते."

"ओडार्का, थट्टा नको. वर्षाचं पीक आहे."

तिनं हात पुसले. मग म्हणाली, "मी शब्द दिलाय. उद्या मी शेतात गेले तर ओलेक्सा म्हणेल माझीही शेवटची ओळ राहिलीय. रोमान म्हणेल माझं जवस राहिलंय. वारा सगळ्यांच्याच शेतावर सुटलाय. मग पाहुण्यांनी काय बंद दाराला टाळ्या वाजवायच्या? एकदा पंगत चुकली की पुढच्या वर्षी कुणी येत नाही, नेस्तोर. मग आपलं गाव नकाशावर नुसतं नाव."

"आणि पीक?"

"पीक पुढच्या वर्षी पुन्हा येतं."

नेस्तोरनं दुर्बीण उचलून डोळ्यांना लावली. ती मात्र रविवारी घरातून निघताना शेताकडं बघणार नाही असं ठरवून निघाली आणि फाटकापाशी बघितलंच. तीनशेवीस एकर वाऱ्यात पिवळंजर्द वाळत पडलं होतं. रडू आलं तेही वाऱ्यानं वाळवलं.

सभागृहात अकरापासून बायका जमल्या होत्या. पातेल्यांच्या वाफेनं खिडक्या आंधळ्या झालेल्या. टेबलाच्या टोकाला चौऱ्याऐंशी वर्षांची परास्का आजी बसलेली, पिरोहीला मुरड घालत. तिच्या बोटांना संधिवात, पण तिची मुरड गावात कुणालाही ओळखू यायची. दुसऱ्या कुणाची मुरड दिसली की ती पिरोही उचलून विचारायची, "ही कुणाची गं? हिला उकळायचं की पुरायचं?"

बायकांचं काम ठरलेलं, पुरुषांचंही ठरलेलं. बायकांनी शिजवायचं. पुरुषांनी टेबलं मांडायची, गाड्या लावून घ्यायच्या, मोठी पातेली उचलायची आणि तीस टर्की कापायच्या. टर्की कापणं हे पुरुषांचंच काम. बारा वाजता सुऱ्यांना धार लावत ते मागच्या दाराशी उभे असायचे आणि एकमेकांना नको नको ते बोलत असायचे.

बारा वाजले. मागच्या दाराशी कुणी नव्हतं.

एक वाजला. लेसियानं आणि हान्यानं टेबलं ओढायला सुरुवात केली.

"कुठं गेलेत सगळे?" ओडार्कानं विचारलं.

लेसिया टेबलाच्या पायाकडं बघत म्हणाली, "ओलेक्सा म्हणाला, जरा मशीन बघून येतो."

"आणि रोमान?"

हान्याचे कान लाल झाले. रोमान तिचा नवरा. "तोही… काहीतरी मशीनचंच म्हणत होता. बाकीचे आहेत म्हणाला इथं."

"कुठले बाकीचे?"

दर बाईच्या तोंडावर तोच भाव, भांडं फोडून लपवलेल्या पोरीसारखा. ओडार्का मागच्या दारात जाऊन उभी राहिली. दक्षिणेला, चार मैलांवर, आभाळात धुळीचा एक मोठा पट्टा उठला होता. ओलेक्साचं शेत तिकडंच. गेला तर मग तो! शुक्रवारी मशीन मोकळं आहे म्हणणारा, आणि त्याची शेवटची ओळ राहिलीच होती म्हणायची. सगळे आपापल्या शेतात पळाले होते. शब्द पाळणारी एकटी तीच, आणि तिचाच गहू उघड्यावर पडलेला.

ती आत आली आणि पिठाचा गोळा टेबलावर असा आपटला की परास्का आजीची पिरोही उडाली.

"पिठाचा काय दोष, बाई?"

"दोष माझा. गावात एकच शहाणी निघाली. आपलं पीक सोडून दुसऱ्यांच्या पाहुण्यांना पिरोही घालणारी."

लेसियानं तोंड उघडलं आणि मिटलं. ओडार्कानं मळायला सुरुवात केली. मनगटं दुखत होती, डोळ्यांत धूर गेल्यासारखं झोंबत होतं. चौदा बायका आणि तीस न कापलेल्या टर्की. पंगत वाचवायला म्हणून पीक घालवलं, आणि आता पंगतही जाणार होती. एकाच दिवसात दोन्ही हातांतलं सांडलं असं तिला वाटलं, आणि त्या वाटण्यात लाजही होती, कारण चार वाजता दारात जे येणार होते त्यात हाल्डालची माणसं असणार होती.

हाल्डाल हे दक्षिणेकडचं नॉर्वेजियन लोकांचं गाव. हॉकीत व्होल्याशी त्यांचं तीन पिढ्यांचं हाडवैर. खेळात एकमेकांचे दात पाडायचे आणि पंगतीला एकमेकांकडं जेवायला जायचं. त्यांचा म्होरक्या इंगवाल ट्वाइट, सव्वासहा फूट, शेताला बांध घालतात तशी भुवई. तो दरवर्षी पहिल्या पंगतीला यायचा, दोनदा वाढून घ्यायचा आणि म्हणायचा की हाल्डालची पंगत याहून बरी असते.

चारला पाच मिनिटं कमी असताना तो दारात आला. टोपी काढली, रिकामी टेबलं बघितली, अख्ख्या टर्की बघितल्या.

"काय गं ओडार्का, यंदा टर्की चालत येणार ताटात?"

"बस गपचूप, इंगवाल. वेळ लागेल. आमची माणसं शेतात आहेत."

"ते बघितलंच की मी. दक्षिणेच्या रस्त्यानं आलो ना. बाप रे! मी गाडी थांबवून मोजली. अकरा मशिनं एका शेतात. धुळीनं रस्ता दिसेना."

"अकरा? ओलेक्साच्या शेतात?"

"ओलेक्साच्या कशाला? तुझ्या."

ओडार्काच्या हातात लाटणं होतं. ते तसंच राहिलं.

"तुझ्याच शेतात," इंगवाल म्हणाला. "नेस्तोर पायरीवर उभा राहून कुबडी उगारत होता. शिव्या देत होता की वाट दाखवत होता ते काही कळलं नाही."

ओडार्का वळली. "लेसिया."

"मला वाटलं आमचाच एक गेलाय," लेसिया घाईघाईनं म्हणाली. "तो म्हणाला, कुणाला बोलू नकोस, ओडार्काला कळलं तर फाटकातून हाकलून देईल. इथं बाकीचे पुरुष आहेत, माझ्या एकट्यावाचून काय अडतंय."

"आमचाही हेच म्हणाला!" हान्या म्हणाली.

"आमचाही," चुलीपाशी कुणीतरी म्हणालं. आणि मग एकेक करून सगळ्याच. कुणाचा नवरा, कुणाचा भाऊ, कुणाचे दोन मुलगे. गावातल्या प्रत्येक पुरुषानं एकट्यानंच गुपचूप जायचं ठरवलं होतं, आणि प्रत्येकानं इथली टर्की दुसऱ्याच्या भरवशावर टाकली होती. त्या फाटकापाशी एकमेकांना बघून त्यांची तोंडं कशी झाली असतील ते डोळ्यांपुढं आलं आणि हान्या फिसकन हसली.

ओडार्का हसली नाही. तिचा चेहरा लाल झाला. "मी कुणाला सांगितलं होतं? कुणापुढं हात पसरला होता मी?"

"नाही पसरलास," परास्का आजी मुरड घालता घालता म्हणाली. "म्हणून तर अकरा गेले. तू नीट तोंडानं सांगितलं असतंस तर गावानं दोघांना पाठवलं असतं आणि टर्कीही कापून झाल्या असत्या. तुझ्या ताठ्यापायी गावाची नऊ माणसं जास्त गेली."

ओडार्का पिठाच्या पोत्यावर बसली. तिला वाईट वाटत नव्हतं आणि बरंही वाटत नव्हतं. तीनशेवीस एकर. अकरा मशिनं. ज्या ओलेक्साला तिनं ग्रीस लाव म्हणून सांगितलं होतं, तो. ही माझी माणसं, तिच्या मनात आलं, ही अशी मूर्ख, खोटारडी, मुकी माणसं माझी आहेत. डोळे भरून आले. तिनं ते पिठाच्या हातानं पुसले आणि तोंड पांढरं करून घेतलं.

बाहेर गाड्यांचे दरवाजे आपटायला लागले. पाहुणे आले होते.

ती उठली. टर्की कापायची लांब सुरी उचलली आणि मूठ पुढं करून इंगवालपुढं धरली.

"मी?" इंगवाल म्हणाला. "मी पाहुणा आहे."

"अर्धी पंगत झाल्यावर पाहुणा हो. आधी काप. हाल्डालमध्ये पंगत बरी असते ना? दाखव."

इंगवालनं सुरीची धार अंगठ्यावर बघितली. "ही सुरी आहे की चमचा? तुमच्या पोरांच्या स्केटला पण अशीच धार असते, म्हणून हरता." पण त्यानं कोट काढला. मागं वळून त्यानं आपल्या गावाला हाक मारली, आणि हाल्डालचे आठ पुरुष रांगेनं आत आले, बायकांचे फुलाफुलांचे एप्रन पोटावर बांधून. त्याची बायको सोल्वाइग न सांगताच पातेल्यापाशी गेली आणि पिरोही झाऱ्यानं काढायला लागली. चर्चचे पाद्री काळ्या झग्यात गाड्या लावून घेत बाहेर उभे राहिले. एक बाई पंचावन्न मैलांवरून पहिल्यांदाच आली होती. तिला दारातच ताटांची चळत मिळाली आणि ती निमूटपणे वाटत सुटली. तिला वाटलं इथली रीतच अशी आहे.

पहिली पंगत वीस मिनिटं उशिरा बसली, पण बसली. मग दुसरी, तिसरी. टर्की जरा ओबडधोबड कापल्या गेल्या. ओडार्का वाढत फिरत होती आणि कुणी विचारलं की यंदा वाढपी नवे दिसतात, तर मान ताठ करून सांगत होती, "आमची माणसं माझ्या शेतात आहेत." सकाळी हे वाक्य कुणी तिच्या तोंडी घातलं असतं तर तिनं जीभ चावली असती. आता ते ती टेबलाटेबलावर म्हणत होती, न विचारणाऱ्यालाही.

चौथी पंगत निम्मी झाली तेव्हा मागचं दार उघडलं. ओलेक्सा पुढं, बाकीचे मागं. डोळ्यांची बुबुळं सोडली तर सगळे मातीचे. टोप्या काढल्या तर कपाळावर पांढरे पट्टे. त्यांनी एप्रन घातलेला इंगवाल बघितला, टर्कीचे सांगाडे बघितले आणि खाली बघायला लागले.

ओडार्का त्यांच्यापुढं कमरेवर हात ठेवून उभी राहिली. आभार मानायचे नाहीत एवढं तिला कळत होतं. इथं आभार मानले की माणूस आठवडाभर रस्ता बदलून जातो.

"टर्की कोण कापणार होतं?" ती म्हणाली.

रोमान ओलेक्साच्या पाठीमागं सरकला.

"चारशे माणसं दारात, आणि सभागृहात एक पुरुष नाही! हाल्डालच्या माणसांनी आपल्या टर्की कापल्या! पुढची वीस वर्षं ऐकवतील! शरम आहे का एकाला तरी…" इथं तिचा आवाज फाटला, आणि तिनं तोंड फिरवून उगाचच एक स्वच्छ पातेलं पुसलं.

ओलेक्सा टोपी फिरवत राहिला. "एक ओळ राहिलीय," तो शेवटी म्हणाला. "दक्षिणेच्या कुंपणालगतची. बाकी सगळं कोठीत आहे."

"एक ओळ का राहिली?"

"मशिनं तापली."

"तापली?"

"हो. पुढं जाईनात."

ओडार्कानं त्याच्याकडं बघितलं, रोमानकडं बघितलं, सगळ्यांकडं एकेक करून बघितलं. "अकराची अकरा?"

"अकराची अकरा," ओलेक्सा म्हणाला आणि पुन्हा जमिनीकडं बघायला लागला.

मेल्निचुकच्या शेतातली शेवटची ओळ दुसऱ्या कुणी काढली असं उद्या कुणी म्हणू नये, म्हणून अर्धा मैल गहू त्यांनी बर्फाच्या तोंडावर सोडला होता. हे तिला सांगायची गरज नव्हती आणि त्यांनी सांगितलंही नाही. तिनं एप्रन सोडला, ओलेक्साच्या मातीच्या गळ्यात अडकवला आणि म्हणाली, "हात धू. होलुप्ची वाढ. पाहुणे बसलेत."

तिचं मशीन ओळीच्या तोंडाशी उभं करून ठेवलेलं होतं, डिझेल भरून. नेस्तोर कुंपणापाशी ट्रकमध्ये बसला होता, प्लास्टरचा पाय सीटवर आडवा. त्याला तिथवर कुणी उचलून नेलं ते त्यानं सांगितलं नाही. क्षितिजावर एक तांबडी चीर उरली होती आणि वाऱ्याला बर्फाचा वास येत होता. ओडार्का वर चढली. अर्धा मैल ती हळू गेली, जाता येईल तेवढी हळू. ओळ मशीनच्या तोंडात जात राहिली, मागं भुसा उडत राहिला, दाणे टाकीत पडल्याचा आवाज येत राहिला, आणि ती एकटीच काचेमागं मोठ्यानं रडली. ओळ संपली तेव्हा ती खाली उतरली. ट्रकच्या खिडकीत नेस्तोरनं एक दाणा दातानं फोडला. कट्कन आवाज झाला.

"कोरडा आहे," तो म्हणाला.

"सरक तिकडं," ती म्हणाली. "मी चालवते."

ते दोघं सभागृहात परतले तेव्हा शेवटचे पाहुणे कोट चढवत होते. टेबलं पुसून झाली होती आणि मधल्या एका लांब टेबलावर गावच्या माणसांसाठी उरलंसुरलं मांडलं होतं: फुटक्या पिरोही, टर्कीचे पंख, पाईचे कोपरे. सगळं गार झालं होतं. अकरा घरचे पुरुष, त्यांच्या बायका, पोरं, सगळे खुर्च्यांमागं उभे होते. कुणी बसलं नव्हतं. हाल्डालचे आठही जण भिंतीला टेकून एप्रनसकट उभे होते. जायचं म्हणत होते आणि जात नव्हते.

"ये बाई लवकर," परास्का आजी म्हणाली. ती तेवढी बसलेली होती, पण ताट तिचंही उपडंच होतं. "दुपारपासून उपाशी आहेत मेले. बसा म्हटलं तर बसत नाहीत. तुझी खुर्ची ही."

ओडार्कानं नेस्तोरला कुबड्यांवरून खुर्चीत उतरवलं, त्याचा पाय दुसऱ्या खुर्चीवर ठेवला. मग भिंतीकडं वळून म्हणाली, "इंगवाल, तुम्हाला काय वेगळं आमंत्रण पाहिजे? या की इकडं." आणखी आठ खुर्च्या आल्या. मोरीत जाऊन तिनं कोपरापर्यंत हात धुतले, आणि सगळं गाव उभं असताना सावकाश चालत टेबलापाशी आली.

आधी ती बसली. मग गाव बसलं.